पत्र्याच्या टबातलं शेवटचं पाणी

जरा लांबूनच ऐका. मी पत्र्याचा टब बोलतोय. हा इथे, अंगणात पंपाशेजारी, एक कडी तुटलेला आणि बुडाला पोचा आलेला. जवळ आलात तर वास येईल, आणि मग तुम्ही नाकाला रुमाल लावाल, आणि मग माझं डोकं फिरेल. वासाला मी जबाबदार नाही. माझ्यात जे काही आलं ते माणसांच्या अंगावरून आलं. शी! नुसतं आठवलं तरी मळमळतं.

माझा जन्म बाजाराच्या रस्त्यावरच्या एका अंधाऱ्या दुकानात झाला. डबे, बादल्या, नरसाळी करणारा एक म्हातारा तिथे बसायचा. त्याने कोरा पत्रा कापला, वाकवला, ठोकून ठोकून मला बहिरा करायची वेळ आणली, सांध्यांना वितळलेल्या कथलाचा डाख देऊन ते बुजवले, आणि एवढं सगळं झाल्यावर माझ्यावरच शिंकला. चांगला सणसणीत. म्हणजे माझी पहिली अंघोळ ही. पुढे काय वाढून ठेवलंय ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग मी गळतो की नाही ते पाहायला त्याने मला काठोकाठ भरलं. काय पाणी होतं ते! माझ्या बुडावर त्याच्या हातोडीचे गोल गोल ठसे होते, ते एकूण एक दिसत होते. म्हातारा वाकून बघत राहिला, स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "झाला बाबा एकदाचा. तळ कसा लख्ख दिसतोय." इतका नितळ मी पुन्हा कधी राहिलो असेन तर दर आठवड्याला थोडाच वेळ, आणि तेही एकाच माणसाच्या नशिबात. सांगतो.

मला विकत घेतलं एका कोळसेवाल्याने. रानाच्या कडेला लाकडं रचायची, वरून माती लिंपायची, आत धुमसत ठेवायची आणि कोळसा पाडून गोणीने विकायचा, हा त्याचा धंदा. तो दुकानात आला तेव्हा त्याचे दात आणि डोळ्यांचं पांढरं एवढंच काय ते ओळखू येत होतं. त्याने माझ्या काठावर हात ठेवला आणि पाचही बोटं उमटली. मला त्याच्या घरी जायचं नव्हतं. पण टबाला कोण विचारतो? डोक्यावर पालथा घालून त्याने मला घरी आणलं, आणि वाटभर त्याच्या केसांतला घाम माझ्या नाकात गेला.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात पंप. घरात तो, त्याची बायको आणि तीन पोरं. थोरला, त्याला सगळे दादा म्हणत. मधला होयबा, कारण शेवटी जो बोलेल त्याला तो हो म्हणायचा. आणि सगळ्यात धाकटी एक मुलगी, तिच्या नावाचं पुढे सांगतो.

अंघोळ आठवड्यातून एकदाच, शनिवारी संध्याकाळी. रोज एवढं पाणी कोण हापसणार आणि कोण तापवणार? बाकीचे दिवस हात-पाय-तोंड, तेही आईने आरडाओरडा केल्यावर. शनिवारी मला स्वयंपाकघरात चुलीसमोर ओढून आणायचे आणि एकदाच भरायचे. एकदाच, बरं का. पाणी मध्ये बदलायचं नाही, हा त्या घरचा कायदा. पाच माणसं आणि एक पाणी!

बाप म्हणायचा, "मी बसलो की पाणी कामातून गेलं. आधी पोरांना घ्या." ऐकायला किती छान. पण पोरं म्हणजे मुलगे. पहिलं पाणी दादाचं. त्याला कोळशाचा डाग लागता कामा नये, तो शिकणार, शहरात जाणार, मोठा होणार. तो बसायचा तेव्हा पाण्यातून वाफा निघत असायच्या, माझा तळ दिसत असायचा, आणि हा गुडघे दुमडून गाणी म्हणत बसायचा. नाक शिंकरायचा, तेही पाण्यातच. मग लालबुंद होऊन बाहेर, टॉवेल, चुलीजवळची ऊबदार जागा आणि गरम दूध. त्यानंतर माझं काय व्हायचं ते त्याने कधी वळून पाहिलं नाही.

दुसरा होयबा. तो पाण्यात बसून काय करायचा ते मी सांगणार नाही, तुम्ही चांगल्या घरचे दिसता. एवढंच सांगतो, की त्याच्या आसपासचं पाणी मध्येच जरा गरम व्हायचं.

तिसरा बाप. तो बसला की पाणी माझ्या काठाला लागायचं आणि बघता बघता काळं व्हायचं. त्याच्या कानांतून, नखांतून, मानेच्या घड्यांतून आठवड्याची काजळी सुटायची आणि माझ्या सांध्यांत जाऊन बसायची. वाईट माणूस नव्हता हो तो. दिवसभर धुरात राबायचा, खोकायचा, आणि पाण्यात बसला की डोळे मिटून "आई गं" म्हणायचा. उठताना पाण्यात हात घालून बघायचा आणि हाक मारायचा, "आहे अजून कोमट. चल गं, बस तू." आपण पोरीसाठी काहीतरी राखून ठेवतोय असं त्याला खरोखरच वाटायचं. याचाच मला जास्त राग यायचा.

आणि मग ती. ती माझ्या काठाशी येऊन एक पाय उचलायची आणि तसाच अधांतरी धरून ठेवायची. खाली पाण्यावर साबणाची करडी साय, तिच्यात बापाचे केस, दादाच्या नाकातलं आणि होयबाचं जे काय असेल ते. कोमट कसलं, तोवर गार पडलेलं असायचं. पाय अधांतरी धरून ती इकडेतिकडे बघायची, कोणी काही म्हणतंय का ते. कोणी काही म्हणायचं नाही. मग ती ओठ आत ओढून बसायची.

बाहेर आली की तिच्या मानेभोवती एक काळी रेघ असायची, पाणी जिथवर पोचलं तिथवर. सोमवारी शाळेत बाईंनी रुमालाने ती घासून पाहिली म्हणे, सगळ्या वर्गासमोर. तेव्हापासून भावांनी तिचं नाव काजळी ठेवलं आणि तेच कायमचं चिकटलं. म्हणजे स्वतःचा मळ पोरीच्या अंगाला लावायचा आणि वर त्याच मळावरून तिला चिडवायचं! किळस या शब्दाचा अर्थ मला त्या घरात कळला.

अजून एक कायदा होता. जो शेवटी बसेल त्याने मला उपसायचं. शेवटी कायम तीच. डबड्याने उपसून उपसून तिचे हात दुखायचे, मग ती कडी धरून मला दाराबाहेर ओढायची आणि कलतं करायची. एकदा त्या पाण्यात घसरून तिची हनुवटी माझ्या काठावर आपटली. आतून दादा ओरडला, "काजळे, आवाज कमी कर, आम्ही जेवतोय!"

आई कुठे होती, असं विचाराल. आई माझ्यात कधी बसलीच नाही. ती कुठे आणि कधी अंघोळ करायची, देव जाणे. पण चुलीमागे ती एक तपेलं झाकून ठेवायची. मुलगी उठायला लागली की हळूच तपेलं घेऊन यायची, "डोळे मीट" म्हणायची आणि डोक्यावरून ओतायची. स्वच्छ, ऊन ऊन पाणी. मानेवरची रेघ काही त्याने जायची नाही, आणि माझ्यातल्या काळ्या पाण्यात ते पाणी कुठच्या कुठे जायचं. पण तिच्या कपाळापासून खांद्यापर्यंत तेवढा वेळ ते स्वच्छ असायचं, आणि मिटल्या डोळ्यांनी ती हसायची. त्या एका तपेल्यासाठी मी ते घर सोसलं.

पुढे काय, पोरं मोठी झाली. दादा शहरात गेला, इमारतींचे ठेके घेऊ लागला. होयबा विमा विकू लागला. काजळीने लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर लाँड्री काढली. नवरा गेल्यावर ती एकटीच चालवते. आई वारली. कोळशाला कोणी विचारेना. दादाने बापाला शहरात नेलं, दाराला कुलूप लागलं आणि मी पंपाशी पडून राहिलो. उंदरीण माझ्यात व्याली. एकदा नव्हे. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

मग एका बदकं पाळणाऱ्या बाईने ते घर भाड्याने घेतलं. तिने मला घासलं, पंपाखाली ओढलं आणि बदकांना पोहायला दिलं. बदकं घाणेरडी असतात, खोटं का बोलू. पण ती बाई रोज सकाळी मला पालथा करून ताजं पाणी भरायची. रोज! बदकांसाठी! पहिल्या दिवशी मला रडूच आलं.

आणि मागच्या महिन्यात ती तिघं भावंडं आली.

मोठी मोटार फाटकाशी थांबली. पुढून दादा आणि होयबा उतरले, मागून पिशव्यांच्या गराड्यातून काजळी उतरली. तिघांचेही केस पिकायला आलेले. पण तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. भावांनी कित्येक वर्षांत तिला असं कुठे नेलं नव्हतं. "चल, आपण तिघंच जाऊ, लहानपणीची सगळी ठिकाणं बघू," असा दादाचा फोन आला आणि ही दुकान बंद ठेवून निघाली. दोघा भावांसाठी एकेक शर्ट आणला होता, स्वतःच्या हाताने इस्त्री केलेला. फाटकातच तिने ते बाहेर काढले. दादाने "अरे वा" म्हणून गाडीत टाकला, होयबानेही "अरे वा" म्हणून टाकला.

मग तिघं हिंडून आली. ओढा, शाळा आणि रानाच्या कडेची भट्टीची जागा. तिथे आता नुसता गवताचा उंचवटा आहे, पण दादाचं म्हणणं, की बाबांच्या भट्टीवरून अनवाणीच चालायचं. गवताखाली अजून कोळशाचा चुरा आहे हे कोणाच्या लक्षात कशाला राहतंय? परत आली ती बूट-चपला हातात घेऊन, घोट्यापर्यंत काळी होऊन. वाटेत बदकांनी जे अंगणभर करून ठेवलं होतं तेही पायांना लागलं. माझ्याशेजारच्या ओंडक्यावर बसून तिघांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. दादा तोंडात घास ठेवून बोलत होता आणि पिवळा बलक उडत होता.

"काय दिवस होते ते!" दादा म्हणाला. "माणसं साधी, खाणं साधं. सगळं कसं स्वच्छ."

"स्वच्छ," होयबा म्हणाला.

काजळी हसून ऐकत होती. तिला फक्त त्यांच्यात बसायला मिळालं याचंच सुख होतं. दादाने हात पुसले आणि आवाज मऊ केला. मऊ आवाजाची मला फार भीती वाटते.

"काजळे, बाबा तुझी फार आठवण काढतात बरं का."

"हो?" तिचे डोळे चमकले. "मागच्या वेळी तर त्यांनी मला ओळखलंच नाही."

"ओळखतात गं. बोलता येत नाही इतकंच." दादाने घसा साफ केला. "आता त्यांचं सगळं अंथरुणातच होतं. तुझ्या वहिनीला नाही जमत ते. तिला वासाने उलटी होते."

"उलटीच होते," होयबाने री ओढली.

"त्यात मागची खोली अंधारी. तुझ्याकडे कसा मोकळा वारा आहे. आणि तुझं तर कामच धुण्याचं. रोज ढीगभर चादरी धुतेस, त्यात चार आणखी. तुला कळणारसुद्धा नाहीत."

"मशीनच धुणार ना," होयबा म्हणाला.

"आणि मुलीच्या हातचं ते वेगळंच असतं," दादा म्हणाला. "आम्ही पुरुष माणसं, आम्हाला काय येतंय?"

काजळीच्या हातात अर्धं अंडं होतं. ते तिने कागदावर ठेवलं. "म्हणून मला आणलंत इथे?"

"छे छे! काहीतरीच काय? विषय निघाला म्हणून बोललो."

"ओघात निघाला," होयबा म्हणाला.

ओघात! माझ्या तळापासून काठापर्यंत संताप उसळला. मी आयुष्यात जे जे पोटात घेतलंय त्याची यादी सांगितली तर तुम्ही आठवडाभर जेवणार नाही. पण त्या काळ्या पाण्याची मला कधी एवढी शिसारी आली नव्हती, जेवढी त्या मऊ आवाजाची आली. मळ निदान मळासारखा दिसतो. हे त्यावर साखर पेरून, ओढा आणि शाळा दाखवून बहिणीच्या गळ्यात मारत होते.

आणि ती हो म्हणणार होती. मला दिसत होतं ना! एक पाय उचलून, ओठ आत ओढून काठाशी उभी राहायची, अगदी तोच चेहरा. बापाची खोली तिच्या दुकानामागे, रात्रंदिवस तो वास, ती उसाभर, आणि हे दोघं चार महिन्यांनी फळं घेऊन येणार. सगळं तिला कळत होतं. तरी तिने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात, नशीब बघा, दादाची नजर माझ्यावर पडली.

"अरे! हा तर आपला टब!" तो उठलाच. काम फत्ते झालं असं त्याला वाटलं असावं, एकदम रंगात आला. "होयबा, बघ, तोच टब! तिघं भावंडं एका टबात! हा मी घरी नेणार. गच्चीवर ठेवू, बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवायच्या. लोक विचारतील कुठून आणला. पण आधी एक फोटो. तिघांचे पाय टबात, लहानपणीसारखे!"

बदकवालीने दारातून सांगितलं, "आत्ताच धुतलाय हो मी. भरा खुशाल."

होयबाने पंप हापसला. पाणी पडलं, भरलं, निवळलं. दादाने विजार दुमडली, मोबाईल होयबाच्या हातात दिला आणि पाय उचलला. अर्थातच. पहिलं पाणी त्याचं, त्याला ते विचारावंसंही वाटलं नाही.

"थांब दादा," काजळी म्हणाली. "आज मी आधी."

तिचा आवाज चढलेला नव्हता, पण दादाचा पाय तिथल्या तिथे थांबला.

"बस की," तो हसला. "आधी काय नि नंतर काय, सगळं सारखंच."

ती माझ्या काठाशी आली आणि वाकली. वाकून बघतच राहिली. मला वाटलं काही पडलंय की काय पाण्यात. मग ती हळूच म्हणाली, "याच्या बुडाला हे गोल गोल ठसे आहेत. हे मी कधी पाहिलेच नव्हते."

दुकानातून निघाल्यापासून माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. बुडाचे ठसे, म्हाताऱ्याच्या हातोडीचे! पोरगी इतकी वर्षं माझ्यात बसली आणि तिला माझा तळ ठाऊक नव्हता.

तिने पाय आत घातले आणि धुतले. वरवर नाही, दुकानात कॉलर घासतात तसे घासून घासून, बोटांच्या मधून, घोट्याच्या मागून. पाणी काळं झालं. तिने वाकून माझ्या आतल्या सांध्यात नख फिरवलं, तेव्हा बापाची जुनी काजळीही सुटून वर आली. मग ती बाहेर आली आणि ओंडक्यावर बसली.

"भाऊ, आता तू," ती होयबाला म्हणाली.

होयबाने पाण्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि शेवटी तीच बोलली होती म्हणून पाय घातले. लगेच त्याचे खांदे वर गेले. "गार आहे गं!"

"गारच असायचं," ती म्हणाली.

होयबा पाय चोळत राहिला. त्याच्या पायांचं बदकांचं सगळं माझ्यात आलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"चल दादा. तुझा नंबर."

दादाने खाली बघितलं आणि मागे सरकला. "शी! या पाण्यात? काहीतरीच काय? बदला आधी ते."

"बदलायचं नाही. आपल्याकडे पाणी बदलत नसत."

"कोण म्हणतं? बदलायचो की आपण! मला तर पाणी चांगलं स्वच्छ आठवतंय. तळ दिसायचा."

आणि ऐका, तो खोटं बोलत नव्हता. हीच तर त्यातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट. त्याने आठवणीतून काही धुऊन टाकलं नव्हतं, कारण त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं तो माणूस गरम दूध पीत जे स्वच्छ पाणी आठवत आला, ते त्याला खरंच दिसलेलं होतं.

"तुला दिसायचा, दादा," काजळी म्हणाली. "तुझ्यानंतर भाऊ बसायचा. मग बाबा. मग मी. माझ्या मानेवरची रेघ कशाची होती, वाटलं तुला? तुम्ही हसायचात, तेव्हा एकदाही विचारलं नाहीत, ही आली कुठून."

"अगं, लहान होतो आपण..."

"मी तुमच्याहून लहान होते."

दादाने होयबाकडे पाहिलं. होयबा पायांकडे बघत होता. दादाचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. "बरं, झालं ते झालं. पाण्याचा इथे काय संबंध? बाबांचं काय ते सांग."

"तेच सांगतेय. बाबांच्या मागचं सगळं मी उपसलेलं आहे, दादा. दर शनिवारी. आता तुमची पाळी. बाबा तुझ्याकडेच राहतील. आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत नको, पुढच्या खोलीत ठेव. माणूस लाव, नाहीतर स्वतः शीक. चादर कशी काढायची, अंग कसं पुसायचं, मी दाखवीन एकदा. उलटी मलाही होते. कोणालाही होते. मी येईन दर रविवारी. त्यांच्याजवळ बसायला येईन, त्यांचा हात धरून बसेन. उपसायला येणार नाही."

मला वाटतं, बापावर माया तिचीच सगळ्यांत जास्त होती. म्हणून तर तिला नेमकं धरलं होतं त्यांनी.

बदकवालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दारातून एवढंच दिसलं, की पाय धुतलेली बाई ओंडक्यावरून उठून पुन्हा चिखलात उभी आहे. ती आतून भांडं भरून घेऊन आली. "ये इकडे, या फरशीवर ये. वरून एक स्वच्छ पाणी घे, म्हणजे बरं वाटेल." आणि तिने ते काजळीच्या पायांवर ओतलं. पाणी ऊन असावं, कारण वाफ दिसली मला. काजळीने डोळे मिटले. एवढी पिकल्या केसांची बाई, आणि मिटल्या डोळ्यांनी तशीच हसली, चुलीसमोर हसायची तशी. मग मात्र तिला हुंदका फुटला, आणि बदकवाली "काय झालं बाई, जास्त गरम होतं का?" म्हणून घाबरली.

"नाही हो," ती म्हणाली. "अगदी बरोबर होतं."

तिने चपला घातल्या, पर्स उचलली आणि फाटकाकडे निघाली. जाता जाता वळून म्हणाली, "आणि दादा, शेवटी जो राहील त्याने टब उपसायचा. ते तरी आठवतं का?" गाडीचं पुढचं दार उघडून ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दादा माझ्यासमोर उभा राहिला, विजार दुमडलेली, पाय काळेच. "होयबा! एक बाजू धर, ओतून टाकू आणि डिकीत घालू."

होयबाने बूट उचलले. जन्मात पहिल्यांदा त्याने मान आडवी हलवली. "माझे पाय धुऊन झालेत, दादा," तो म्हणाला आणि मागच्या सीटकडे, पिशव्यांकडे गेला.

मग काय, थोरला पेटला. शिव्या देत त्याने माझी कडी धरली आणि सगळ्या ताकदीने ओढली. त्याला काय ठाऊक, भरलेला टब कसा कलता करायचा ते? आधी डबड्याने अर्धा उपसायचा असतो. ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. कडी तुटली, तो मागे पडला, आणि मी उलटून सगळाच्या सगळा त्याच्या अंगावर गेलो. बदकांचं, होयबाचं, बहिणीचं, भट्टीचं, आणि माझ्या सांध्यांत इतकी वर्षं साठलेली बापाची काजळी, सगळं त्याच्या शर्टावर आणि मानेपर्यंत. तो उठला तेव्हा त्याच्या गळ्याभोवती ठसठशीत काळी रेघ होती. "शी! शी! शी!" तो ओरडत होता.

मला लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. बदकवालीने टॉवेल दिला, पंप दाखवला. त्याने कितीतरी वेळ मान घासली. मग गाडीतून इस्त्रीचा शर्ट काढून घातला आणि गाडी चालू केली. मला न्यायचं त्याने नावही काढलं नाही.

आता दादाच्या घरी काय चाललंय ते मला कळायचा मार्ग नाही. बाप पुढच्या खोलीत आला का, चादर कोण काढतंय, कोणाला उलटी होतेय, कोणास ठाऊक. त्याच्यावर मी फारसा विसंबून नाही. तिच्यावर आहे. ती रविवारी जात असेल आणि हात धरून बसत असेल.

मी असा पालथा पडलोय. बदकवालीने बदकांसाठी सिमेंटचा हौद बांधून घेतला, त्यामुळे मला हात लावायचं कोणाला कारण नाही. बदकं माझ्या बुडावर बसतात आणि घाण करतात, पण ती बाहेरून. पहिल्यांदाच माझं पोट कोरडं आहे. याची मला सवय होते आहे.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला कोणाच्या गच्चीवर नेऊ नका, माझ्यात बाटल्या ठेवू नका, झाडं लावू नका, माझ्यात पाय सोडून फोटो काढू नका. पण कधी खरंच गरज पडली, घरात पोरंबाळं असली आणि पाणी एकदाच तापणार असलं, तर मला उलटा आणि भरा. मी नाही म्हणणार नाही. फक्त जिला तुम्ही नेहमी शेवटी उभी करता, तिला आधी बसवा. माझा तळ तिला दिसू दे, मग बाकीचे बसा.